सुनंदाचे सहा गुण

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. कपाटाचा खालचा कप्पा का उघडत नाही, असं ती विचारायची. मी म्हणायचो, किल्ली हरवली. किल्ली माझ्याच खिशात होती. कप्प्यात सुनंदाचा प्रबंध होता.

मी कॉलेजात समाजशास्त्र शिकवायचो. एम.ए.ला प्रत्येकानं माझ्या मार्गदर्शनाखाली एक लघुप्रबंध लिहायचा, त्याला मी शंभरापैकी गुण द्यायचे. देताना काय बघायचो? — हजेरी. वर्गात दिसणाऱ्याला साठ-पासष्ट. दिवाळीनंतर आईबापाबरोबर ऊसतोडीला जाणाऱ्याला चाळीस, पास होण्यापुरते. वाचायचं कशाला? नोकरी देणारे तरी कुठं वाचतात? ते टक्के बघतात. हे मला माहीत होतं — आणि तरीही न वाचताच आकडा टाकायचो.

सुनंदा नांदूरघाटाकडची, ऊसतोडीला जाणाऱ्यांतलीच. तिचा प्रबंध बाइंडिंगवाल्यानं प्लास्टिकमध्ये गुंडाळला होता, तसाच टेबलावर आला. स्टाफरूममध्ये शेजारी बसणारा प्राध्यापक गणपत हसला, “काय बे, प्लास्टिक तरी फाड की!”

“कोयता धरणारी पोरगी लिहून लिहून काय लिहिणार?” — हे मीच म्हणालो. आणि चाळीस भरले.

प्राध्यापक व्हायला पंचावन्न टक्के लागतात. सोळाशेपैकी आठशे ऐंशी. तिला आरक्षणाची सवलत नव्हती. तिला पडले आठशे चौऱ्याहत्तर.

गुणपत्रिका घेऊन ती आली. “सर, बाकीचे पेपर बरे गेलते. प्रबंधातच कावून कमी पडले? काय चुकलं तेवढं सांगा.”

काय सांगणार होतो? “विद्यापीठानं कापले. माझ्या हातात काय हाय?” म्हणालो. गुणांच्या दुरुस्तीची मुदत अजून आठ दिवस होती. माझी एक सही लागत होती. ती केली नाही — न वाचता गुण दिले, हे उघडं पडलं असतं.

तिनं ठिकठिकाणच्या कॉलेजांत अर्ज केले. आकडा बघून सगळ्यांनी बाजूला टाकले. प्रबंध कशावर आहे, हे एकानंही विचारलं नाही. मग तिचं लग्न झालं.

गेल्या ऊसतोडीच्या हंगामात तेलगावच्या फाट्यावर ती दिसली. डोक्यावर बोचकं. भर रस्त्यात पाया पडली. सोबतच्या बायांना म्हणाली, “हे माझे सर. ह्यांच्यामुळं मी एम.ए. झाले.” ट्रॅक्टरमधून कुणीतरी ओरडलं, “ए एम्मेबाई, चढ आता! गाडी भरली!” सगळ्या हसल्या. तीही हसली.

घरी येऊन मी तो कप्पा उघडला, प्लास्टिक फाडलं. इतक्या वर्षांनी. पहिल्याच पानावर ऋणनिर्देश — ‘सरांनी प्रत्येक पान तपासून दिले.’ एकही पान मी पाहिलं नव्हतं. मग सगळी पानं वाचली. उसाच्या फडावरच्या बायांचा एकेक दिवस तिनं तासातासानं नोंदवला होता. पासष्ट दिले असते. सत्तरही.

हंगाम संपल्यावर तिच्या दारात गेलो. तिनं तांब्याभर पाणी दिलं, पदरानं बाज पुसली.

“सर, एवढ्या उन्हाचं कावून आलता?”

सुनंदा, मी वाचलंच नव्हतं. माझं चुकलं. — एवढंच बोलायचं होतं. बसमध्ये सगळ्या वाटेनं पाठ केलं होतं.

“सहज,” म्हणालो, आणि पाणी प्यालो.