मागून हाक

आमच्या सासूबाईंनी नागपूरच्या नातेवाइकांना फोनवर सांगून टाकलं होतं की त्यांच्यासाठी फॉरेनची नर्स ठेवली आहे. खरं म्हणजे ती अजून नर्स व्हायची होती आणि फॉरेन म्हणजे नेपाळ. पण कॉलेजच्या दप्तरी ती परदेशी विद्यार्थिनीच होती, त्यामुळे सासूबाईंना खोटं पाडायची सोय नव्हती.

सासूबाईंचं खुब्याचं हाड मोडून ऑपरेशन झालं होतं. नवरा बदलीवर बिलासपूरला, मी दिवसभर नवा रायपूरच्या ऑफिसात. दिवसा घरकामाच्या बाई होत्या, रात्रीचं कोणी नव्हतं. वॉर्डातल्या सिस्टरने ही मुलगी सुचवली. दिवसा कॉलेज आणि वॉर्ड, संध्याकाळपासून सकाळपर्यंत आमच्याकडे. ती अभ्यास कधी करायची म्हणाल, तर ड्यूटीवरच, आणि तोही सासूबाईंवर. नाडी, ब्लडप्रेशर, पेशंट खाटेवर असतानाच चादर बदलणं, सगळा सराव तिथेच. काहीही करण्याआधी पेशंटला समजावून सांगायचं असतं, परीक्षेत त्याला मार्क असतात. म्हणून ती रोज म्हणायची, "आजी, अब मैं आपकी नाड़ी देखूँगी."

"पाह्य ना मंग. भाषण काहून देऊन राहिली?"

चालण्यावरून मात्र दोघींचं जमेना. वॉकर घेऊन सासूबाई बाथरूमपर्यंत जायच्या, पुढे एक पाऊल नाही. मुलगी रोज व्हरांड्यापर्यंत चला म्हणायची, त्या रोज उद्या म्हणायच्या.

सकाळी ती निघाली की सासूबाईंना नेमकं काहीतरी आठवे. चष्मा कुठे ठेवला, पांढरी गोळी जेवणाआधी की नंतर. मग त्या हाक मारत. आता निघालेल्या माणसाला मागून हाक मारली की अपशकुन, आणि तो टाळायचा तर माणसाने परत येऊन बसावं, घोटभर पाणी प्यावं, मग निघावं. हा कायदाही सासूबाईंचाच. मुलगी मुकाट्याने येऊन बसे, पाणी पिई, वर गूळ खाई, आणि तेलीबांधा चौकातून कॉलेजची बस निघून जाई. चष्मा उशाशीच असे. मुलीला जाऊ द्यायचं त्यांच्या जिवावर येत होतं, एवढं मला कळत होतं.

एका संध्याकाळी मुलगी स्वयंपाकघरात आली. वॉर्डात सारखा उशीर होतोय, आणखी झाला तर प्रॅक्टिकलला बसू देणार नाहीत, असं कॉलेजच्या मॅडमनी बजावलं होतं. वर्ष गेलं तर घरचे परत बोलावून घेणार. रडली वगैरे नाही. "दीदी, आप दूसरी लड़की देख लीजिए," एवढंच म्हणाली.

मी सासूबाईंना सरळ सांगितलं, हाक मारली तर ही पोट्टी जाईल, फक्त आपल्या घरातून नाही, शिक्षणातूनही. दुसऱ्या सकाळपासून ती निघाली की त्या तोंडाला पदर लावून बसू लागल्या. मला हसू येई, पण बस चुकली नाही.

प्रॅक्टिकलच्या दिवशी मी तिच्या हातावर दही-साखर ठेवली आणि डब्याकडे वळले. थोड्या वेळाने वॉकरची टकटक ऐकू आली, ती बाथरूमच्या बाजूने नव्हती. बाहेर आले तर खाट रिकामी. सासूबाई व्हरांड्याच्या दारात, घामाघूम, आणि वॉकरच्या दांडीवर मुलीचं सेकंदकाट्याचं घड्याळ अडकवलेलं. सकाळी नाडी मोजून ती ते उशाशी विसरली होती. मोबाइल परीक्षेत चालत नाही, घड्याळाशिवाय ती नाडी मोजणार कशी?

मुलगी पायरीवर पांढऱ्या बुटांची नाडी बांधत होती. टकटक ऐकून वळली. आधी तिने सासूबाईंचे पाय पाहिले, घड्याळ नंतर.

"आजी, आप यहाँ तक?"

"हाक नाही मारली मी," सासूबाई म्हणाल्या. "समोर आली ना? घे. अन् आता पाणी पीत बसू नको, बस जाईल."

ती धावत सुटली. सासूबाईंना मात्र आता परत जायचं कसं ते सुचेना, मी खुर्ची आणून दिली.

संध्याकाळी ऑफिसातून आले तर त्या पुन्हा त्याच खुर्चीत होत्या. बाई म्हणाल्या, स्वतःच चालत आल्या. फाटक वाजलं. परीक्षकांनी नाडीच विचारली, बरोबर आली, असं सांगत मुलगी आत शिरली. सासूबाईंनी वॉकर पुढे ओढला.

"चाल, आता मले आत ने. अन् काय करून राहिली ते सांगत चाल."