कमलाक्कांचं शेवटचं वाक्य

कमलाक्का पहिल्याच दिवशी आम्हाला हात पाठीमागे घ्यायला लावत. म्हैसूरच्या हेब्बाळ भागातल्या आमच्या कारखान्यात नव्या कामगारांसमोर उभं राहून माहिती कशी सांगायची, हे त्या शिकवत. समोर एकजण मोगरा आणि दोरा घेऊन बसलेला असे. आपण हात न हलवता, फक्त बोलून, त्याच्याकडून गजरा करवून घ्यायचा. नाशिकहून नवीनच आलेली मी म्हणाले, "दोरा असा धरा."

"असा म्हणजे कसा ग? सुम्मे, उगाच बडबडू नको. हात तुझे मागे आहेत, त्याला काय दिसणार, तुझं तोंड?"

सगळे हसले. फुलं मात्र जमिनीवर सांडत राहिली.

वस्तूबद्दल बोलताना तिचं वर्णन करावं, कामाबद्दल बोलताना क्रम सोडू नये, कल्पना समजावताना ऐकणाऱ्याच्या घरातलं उदाहरण शोधावं, असं त्या सांगत. पण त्यांचा खरा हट्ट एकच होता. कळवणं वेगळं आणि विनवणं वेगळं. "मशीन थांबल्याशिवाय आत हात घालायचा नाही, हे सांगायचं आणि गप्प राहायचं. 'नाही ना घालणार?' असं विचारलंस की मेलीस. त्याला वाटतं, घातला तरी चालतंय."

त्यांचे पूर्वज म्हैसूरच्या फौजेत आलेले. घरात मराठी बोलत, निम्मी कानडीत भिजलेली. महाराष्ट्र त्यांनी पाहिलेला नव्हता. येलवालच्या दोन खोल्यांत थोरले भाऊ, अण्णा, मानेखाली लुळे होऊन पडलेले. कंपनीची बस अक्कांना दारात सोडी आणि त्या थेट अण्णांच्या खाटेपाशी जात. रात्री बाहेर राहिल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

अशात कंपनीनं त्यांना वर्षभर पुण्याला बोलावलं, तिथल्या शिकवणाऱ्यांना तयार करायला. अक्का मला डबा खाताना विचारत, "तिथं रस्त्यावर सगळे मराठीच बोलतात? भाजीवालासुद्धा?" मी हो म्हटलं की घास हातात तसाच राही.

वरुणा गावची एक बाई अण्णांचं करायला घरी राहायला तयार झाली. आता अण्णांना सांगायचं होतं. अक्का मला सोबत घेऊन गेल्या. "तू बस नुसती. मी कुठं घसरले तर खोक."

त्या खाटेजवळ उभ्या राहिल्या. कुठं जाणार, किती दिवस, बाई कोण, औषध कधी, अंघोळ कशी, फोन केव्हा. एक शब्द जास्त नाही. वर्गात विचारत तसंच शेवटी विचारलं, "अर्थ आयिता, अण्णा?"

"कळलं," अण्णा म्हणाले.

तिथं थांबायचं होतं. अक्कांनी त्यांची चादर नीट केली आणि म्हणाल्या, "तू नको म्हणालास तर नाही जाणार मी."

अण्णा छताकडे बघत राहिले. "नको मग," ते म्हणाले.

फाटकाशी अक्का मला एवढंच म्हणाल्या, "जा, तुझी बस चुकेल."

त्यानंतरही त्या वर्षानुवर्षं शिकवत राहिल्या. पुण्याचं नाव कधी निघालं नाही. या उन्हाळ्यात तापाचं निमित्त होऊन त्या गेल्या.

मी अण्णांना भेटायला गेले. वरुणाची तीच बाई आता कायमची तिथं राहते. तिनं मला खाटेपाशी स्टूल दिलं. मग अण्णा म्हणाले, "कमली त्या दिवशी काय छान बोलली. मी 'जा'च म्हणणार होतो. पण शेवटी तिनं माझ्यावर टाकलं. मला वाटलं, तिलाच जायचं नाही, माझ्या तोंडून नकार हवाय. म्हणून दिला." मग त्यांनी विचारलं, "जायचं होतं का ग तिला?"

त्यांच्याशी खोटं बोलणं मला जमलं नाही. "हो," मी म्हणाले.

"सरी, बरं. काय काय करणार होती तिथं, सांग."

डबा खाताना अक्कांकडून ऐकलेलं मी सांगू लागले. पहिल्या दिवशी बाजारात जाणार होत्या, काही न घेता नुसत्या फिरणार होत्या. मग शनिवारवाडा. मग सिंहगडावर बसनं. अण्णांच्या डोळ्यांतून पाणी कानाकडे ओघळत होतं, आणि ते पुसायला त्यांचा हात उठत नव्हता. मी थांबले.

"पुढं," ते म्हणाले.