वेगळं मडकं

जानेवारीचा शेवटचा रविवार. जागा, रोह्याजवळचं ताईचं शेत. हजर: माझी ताई, भाऊजी, ताईच्या सासूबाई, ताईचा मुलगा आणि सून, शेजारच्या दोघी जावा, आमचे हे आणि मी. माझी मुलगी परीक्षेमुळे आली नाही. निमित्त पोपटीचं, म्हणजे शेतात जाळ करून मडक्यात भाजलेल्या वालाच्या शेंगांच्या जेवणाचं.

बोलावणं भाऊजींचं होतं, तेही यांच्या फोनवर. ताईने मला काही कळवलं नव्हतं. एरवी वालाच्या शेंगा भरल्या की तिचा पहिला फोन मला यायचा, "ये गो, मडकी आनलीत." यंदा तो आला नाही, आणि का आला नाही ते मला ठाऊक होतं. पावसाळ्यात मी वजन कमी करायचं ऑपरेशन करून घेतलं होतं. तेव्हापासून आम्ही दोघी एका ताटात जेवलो नव्हतो.

एका ताटाचं आधी सांगते. आम्ही दोघी बहिणी लहानपणापासून अंगाने भारी. माहेरी बायका शेवटी जेवायच्या, त्यात आम्ही दोघी एक मोठं ताट घेऊन कोपऱ्यात बसायचो. लग्नं झाली, ती रोह्याकडे गेली, मी पेणला आले, तरी भेट झाली की ताट एकच. लोकांना वाटायचं केवढं प्रेम. प्रेम होतंच. पण आणखी एक सोय होती. एका ताटात दोघी जेवलो की कोण किती जेवलं ते बघणाऱ्याला कळत नाही. जाड बाईच्या ताटावर सगळ्यांचा डोळा असतो. दुसरी भाकरी घेतली तर भुवया वर जातात, घेतली नाही तर "आता कशाला लाजतेस" म्हणतात. त्या ताटात आम्ही दोघी लपून जेवायचो.

माझा पेणला पापडांचा घरगुती व्यवसाय आहे. हाताखाली सहा बायका. सकाळी पीठ कुटून झालं की लाटीची चव मी घ्यायची, हा माझा नेम. तेलात बुडवलेली पोह्याच्या पापडाची लाटी एकदा खाल्ली की कुणी एकीवर थांबत नाही, मीही थांबत नसे. पण वजन त्याच्या आधीपासून होतं आणि लाट्या बंद करूनही गेलं नव्हतं. डाएट मी कमी केले नाहीत. माझं सगळं टिपून ठेवायचं काम असतं, तेव्हा खाणंही टिपलं, चालणंही टिपलं. दर वेळी दहा किलो उतरायचं आणि बारा चढायचं.

रोजचं जगणं असं असायचं. हळदीकुंकवाला गेलं की आधी खुर्च्या बघायच्या. हाताच्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसलं की उठताना ती मागे चिकटून येते, म्हणून बाकड्याकडे सरकायचं. मिनीडोर रिक्षात बसलं की ड्रायव्हर मागे वळून म्हणायचा, "मावशी, त्या बाजूला एकच घेतो आता." शेजारचा हसायचा, मीही हसायचे, कारण आपण आधी हसलो की थोडं कमी लागतं. मग साखर आली, गुडघे आले. शेवटी झोपेत श्वास अडकायला लागला. हे रात्रभर जागे राहून माझा श्वास मोजायचे. पेणच्या आमच्या डॉक्टरांनी तेव्हा स्पष्ट सांगितलं, आता उपाशी राहण्याचे प्रयोग पुरेत, ऑपरेशनचा विचार करा.

मी ताईला म्हटलं, दोघी जाऊ. तिची साखर माझ्याहून जास्त. ती हो म्हणाली. मे महिन्यात पहिल्या तपासणीला जायचं ठरलं. ती रोह्याहून एसटीने निघाली, मी पेणच्या स्टँडवर पाण्याची बाटली आणि दोघींच्या फायली घेऊन उभी. गाडी आली, ताई उतरली नाही. फोन लावला तर म्हणाली, "नागोठण्याला उतरले गो. परत चालले. राब भाजायचा हाय." पेरणीआधी शेतात पाला, गोवऱ्या पसरून भाजायचं काम असतं ते. भाजायचं असतं हे खरं, पण भाजायला घरात चार माणसं होती. माझी गाडी आली, मी एकटी गेले.

ऑपरेशन पनवेलच्या पुढे एका हॉस्पिटलात झालं. पोटावर पाच लहान भोकं, आतली जठराची पिशवी कापून केळ्याएवढी केली. भूल उतरल्यावर पहिलं मनात आलं ते असं की मी श्वास घेतेय आणि हे खुर्चीत झोपलेत. पुढे दोन आठवडे फक्त पातळ. खोकल्याच्या औषधाच्या टोपणाने डाळीचं पाणी मोजून प्यायचं, घाई केली की उलटी. केस गळाले. गोळ्या जन्मभर. "सोपा मार्ग घेतला" असं म्हणणाऱ्या बायका भेटतात. त्यांना मी त्या टोपणाबद्दल सांगते आणि पुढे जाते.

तिसऱ्या आठवड्यात ताई पेणला आली. सवयीने वालाचं बिरडं आणि तांदळाच्या भाकऱ्या घेऊन आली. मी गाळलेलं सूप वाटीत घेतलं. तिने ताट मांडलं, माझ्याकडे बघितलं, मग एकटीने जेवायला सुरुवात केली. अर्ध्या भाकरीवर ताट झाकून ठेवलं. "भूक नाय," म्हणाली. त्यानंतर फोन आखडले. माझा श्वास सुधारला, साखरेच्या गोळ्या सुटल्या, जिना चढताना मध्ये थांबणं गेलं. पापडाच्या बायका म्हणाल्या, "ताई, तुम्ही निम्म्या झाल्यात, आमची मजुरी निम्मी करू नका म्हंजे झालं." सगळं चांगलं चाललेलं. फक्त रोह्याचा फोन वाजत नव्हता. चार दशकं एका ताटात जेवलेली बहीण मी हॉस्पिटलात ठेवून आले की काय, असं वाटायला लागलं होतं.

म्हणून ताईचं बोलावणं नसताना गेले.

शेतावर पोचलो तेव्हा ऊन कलत होतं. ताईच्या सासूबाई बांधावर बसल्या होत्या. डोळ्यांवर हात धरून म्हणाल्या, "ही कोन गो? पेनची? अर्धी कुठं ठेवून आलीस?"

"हॉस्पिटलात ठेवली, मावशी."

"मंग आनायची व्हती. आमच्या कोंबड्यांनी खाल्ली असती."

सगळे हसले. ताई हसली नाही. ती मडकी भरत होती. "आलीस?" एवढंच म्हणाली आणि भांबुर्ड्याचा पाला मडक्याच्या तळाशी दाबायला लागली. पाला, त्यावर शेंगा, मीठ, ओवा, बटाटे, अंडी, केळीच्या पानात गुंडाळलेली कोंबडी, तोंडाला परत पाल्याचा बोळा. पाण्याचा थेंब नाही. मग मडकं उपडं ठेवून भोवती पेंढा, गोवऱ्या, काटक्या रचून पेटवायचं. मी मदतीला वाकले तेव्हा दिसलं, दोन मोठ्या मडक्यांच्या बाजूला एक लहान मडकं आहे, लोटीपेक्षा थोडं मोठं.

"हे कुणाचं?" मी सुनेला विचारलं.

"तुमचं, मावशी. आईंनी वेगळं लावलंय."

मी परत बांधावर येऊन बसले. या भागात भावकीत बिनसलं की पोपटी वेगळी लागते. बोलणं बंद असलेले भाऊ एकाच शेतात दोन जाळ करतात आणि एकमेकांकडे पाठ करून शेंगा सोलतात, हे मी डोळ्यांनी बघितलंय. माझं मडकं वेगळं, तेही सगळ्यांसमोर. यांना हळूच म्हटलं, "लवकर निघू या." हे म्हणाले, "जाळ तर होऊ दे."

जाळ झाला. अर्ध्या तासाने भाऊजींनी हात बुडवून मोठ्या मडक्यावर पाणी शिंपडलं. चर्र करून लगेच सुकलं, म्हणजे शिजलं. दोन्ही मोठी मडकी काठीने बाजूला घेतली. भाऊजी लहान मडक्याला हात लावायला गेले तर ताई ओरडली, "ऱ्हाव दे ते! अजून पायजे!"

"अगो जळंल!"

"तुमाला काय कलतंय? ऱ्हाव दे."

भाऊजींनी आमच्या ह्यांच्याकडे बघून मान हलवली. मोठी मडकी गोणपाटावर उपडी झाली, शेंगांची वाफ निघाली, सगळे भोवती बसले. मी बाजूलाच. थोड्या वेळाने ताईने स्वतः लहान मडकं ओढलं, बोळा काढला. करपल्याचा वास सगळ्या शेतात गेला. आत अंडी फुटून काळी झाली होती. कोंबडीच्या तुकड्याचा कोळसा झाला होता.

ताई मडक्यासमोर फतकल मारून बसली. भाऊजी म्हणाले, "जल्माची पोपटी लावतेस, एवढंसं मडकं मोठ्यापेक्षा जास्त वेळ ठेवतात का गो?"

"मऊ व्हावं म्हनून ठेवलं," ताई म्हणाली. "हिला मऊ लागतं." मग माझ्याकडे बघून, "तुझ्या पोरीला फोन केलेला. ती बोल्ली, मावशी, आधी अंडं नायतर कोंबडी, शेंगा थोड्याच. ओवा कमी टाकला. मीठ कमी टाकलं. एवढं सगलं केलं आनि कोलसा केला."

मी उठून तिच्याजवळ जाऊन बसले. बसता येत होतं, मांडी घालून, ते तिने बघितलं.

"मग फोन का नाही केलास?" मी विचारलं.

"काय करू फोन? तुला बोलवायचं आनि शेंगा बघत बसवायचं? पेनला तुझ्यासमोर जेवले, घास खाली उतरंना." ती शेंग सोलायला लागली, हाताला काम हवं म्हणून. "आनि खरं सांगू? आता तुझ्या बाजूला बसले की मानसं माझंच ताट बघतात. आधी दोघी व्हतो."

मी मोठ्या ढिगातलं एक अंडं घेतलं, सोललं, अर्धं तिला दिलं, अर्धं मी हळूहळू खाल्लं. वालाचे चार दाणे खाल्ले, पाचवा खाल्ला असता तर त्रास झाला असता, म्हणून ठेवला. ताईने तो उचलून तोंडात टाकला आणि सासूबाईंना म्हणाली, "बघा, अजून हिच्या वाटचं मीच खाते." सासूबाई म्हणाल्या, "तू आधीपास्न खातेस गो, काय नवीन हाय?" जावांना ठसका लागला. ताई मोठ्याने हसली, पोट हलेपर्यंत. खूप दिवसांनी तिचं ते हसणं ऐकलं.

निघताना हे पुढे गेले, ताई मला रस्त्यापर्यंत सोडायला आली. एका हाताने गुडघा दाबत, हळू. वाटेत आंब्याखाली थांबली, दम खाल्ला, मग म्हणाली, "तिथं काटा कुठं असतो?"

"कसला काटा?"

"वजनाचा. सगल्यांसमोर उभं करतात का?"

मग तिने सांगितलं. गावातल्या एका तपासणी शिबिरात तिला काट्यावर उभं केलं आणि लिहिणाऱ्याला ऐकू जावं म्हणून आकडा मोठ्याने ओरडून सांगितला. रांगेतली पोरं हसली. एक म्हणाला, काट्याची काळजी घ्या. ताई तशीच घरी आली आणि हे कुणालाही बोलली नाही, भाऊजींनाही नाही. नागोठण्याला एसटीतून उतरली ती या काट्यामुळे. कापण्याची भीती तिला नव्हती. दोन बाळंतपणं सिझेरियनची झालेली बाई.

मी "नाही गं" म्हणणार होते. पण मला काटा आठवला. तो पॅसेजमध्ये होता, नर्सच्या टेबलाशेजारी, आणि बाकावर पेशंट बसलेले होते. आकडा कुणी ओरडून सांगितला नव्हता, पण बघायचा म्हटला तर दिसला असता.

"विचारून सांगते," मी म्हटलं. "आत खोलीत, दार लावून करतात का ते."

"आनि आकडा मला सांगायचा नाय. तुला सांगू दे."

"बरं."

"मी अजून हो बोलले नाय हां. वाल झोडून झाले की बघू."

"हो."

मिनीडोर आली. ड्रायव्हरने दोघींकडे बघितलं, काही बोलला नाही. ताईने माझ्या पदराला गाठ मारून वालाच्या शेंगा दिल्या, यांच्यासाठी म्हणून.

पेणला आल्यावर कामांची यादी केली. पापडखार संपत आलाय, मुलीची फी, माझी बी-ट्वेल्व्हची सुई, ताईची जुनी फाईल शोधणं. फाईल सापडली. बाकीची कामंही झाली. हॉस्पिटलला दोनदा फोन केला. एकदा लागला नाही, एकदा रिसेप्शनवरची मुलगी म्हणाली की काट्याचं त्या आहाराच्या मॅडमना विचारावं लागेल आणि त्या रजेवर आहेत. त्या आल्या की त्यांना नीट समजावून सांगायचं आहे: बहीण रोह्याची, एकदा अर्ध्या वाटेवरून परत गेलेली, वजन आत खोलीत, दार लावून, आकडा मला. वाल झोडायला सुरुवात झाली असं भाऊजी काल म्हणाले. हॉस्पिटलच्या मॅडमना करायचा तो फोन अजून व्हायचा आहे.