कागदाचे ब्लाउज

"कात्री तेवढी मला देऊ नका, काकू. बाकी काय पण सांगा."

असं म्हणताना ती दोन्ही हात पाठीमागं न्यायची, छडी चुकवणाऱ्या पोरासारखे. पहिल्यांदा मी हसले होते. पुढं अकरा वर्षं तेच ऐकत राहिले आणि मग ते पंख्याच्या आवाजासारखं झालं. आहे हे लक्षातच येईना.

शिरूरच्या बाजारपेठेत माझं मॅचिंगचं दुकान आहे. अस्तर, फॉल, लेस, हूक. पुढं मी बसते, मागच्या खोलीत शिलाई. तिथं एक म्हातारे मास्तर होते आणि ही. मास्तर कापड कापायचे, ही शिवायची. शिलाईच्या धंद्यात ही वाटणी जुनी आहे. कापतो तो मास्तर, शिवतो तो कारागीर. शिवलेलं उसवता येतं, कापलेलं जोडता येत नाही, म्हणून मान सगळा कात्रीला. तुम्ही ब्लाउज शिवायला टाकता तेव्हा पाटीवर नाव कुणाचं असतं आणि आत मशीनवर वाकलेलं डोकं कुणाचं असतं, एकदा बघा.

तिचं नाव सांगत नाही, तिला ते आवडायचं नाही. चाळिशीची, काटकुळी, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. टाचण्या ओठांत धरून बोलायची, त्यामुळं तिचं निम्मं बोलणं मला कधी कळलंच नाही. जवळच्याच एका गावातून एसटीनं यायची, एसटी चुकली तर जीपनं. आल्या आल्या मशीनला हात लावून तो कपाळाला लावायची आणि त्यानंतर संध्याकाळपर्यंत मान वर नाही.

डोळा मात्र असा, की विचारू नका. मास्तरांनी कापलेला तुकडा हातात घेतला की कधीकधी थांबायची.

"मास्तर, ह्यो मुंढा जरा खोल गेलाय का?"

"चष्मा तुला लागलाय का मला?" मास्तर खेकसायचे. मग टेप लावून बघायचे. मुंढा, म्हणजे बाही जोडतात ती गोलाई, खरोखरच अर्धा इंच जास्त गेलेली असायची. मास्तर टेप परत गळ्यात टाकायचे. आणि वर ही म्हणायची, "न्हाई, माझंच बघण्यात कायतरी चुकलं असंल."

बरोबर ठरल्यावरही माफी मागणारं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही.

एका दुपारी गिऱ्हाईक नव्हतं, तेव्हा चहा पिता पिता तिनं कात्रीचं सांगितलं. लग्नाआधी माहेरी, केडगावला, ती शिवणाच्या क्लासला जायची. क्लासात पहिली. सासरी आल्यावर नणंदेचा साखरपुडा निघाला आणि शालूवरचा ब्लाउज नव्या सुनेकडं आला. शालूतलाच तुकडा, दुसरा मिळणार नाही असा. घाईत हिनं दोन्ही बाह्या वेगवेगळ्या कापल्या आणि दुसरीच्या वेळी कापड उलटं करायची विसरली. दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या झाल्या. नणंद रडली. सासू चार बायकांत म्हणाली, "हिच्या हातात कात्री देऊ नका गं."

"मग?" मी विचारलं.

"मग काय. न्हाई दिली कुणी. मीबी न्हाई मागितली."

सासूला जाऊन कितीतरी वर्षं झाली होती. नणंदेची मुलगी कॉलेजात होती आणि त्या ब्लाउजची गोष्ट आता नणंदच हसून हसून सांगायची. हिच्या आत मात्र ती चार बायकांतली सासू जशीच्या तशी बसलेली होती.

"आत बसलीय ती, काकू. मी कात्रीकडं नुसतं बघितलं की म्हंती, फाडशील. आता बघ, फाडशील."

"असू दे गं," मी म्हणाले. "ज्याचं काम त्यानं करावं." मला वाटलं, मी तिला धीर देतेय.

आता जे सांगणार आहे ते सांगायला मला बरं वाटत नाही. एकदा लेकीला ताप होता म्हणून ती आली नव्हती. मशीनच्या तेलाची बाटली शोधताना तिच्या मशीनखाली मला एक नायलॉनची पिशवी सापडली. आत ब्लाउज होते, वर्तमानपत्राचे. पाठ, पुढचे भाग, बाह्या, सगळं कापलेलं, नीट घड्या घातलेलं आणि प्रत्येकावर पेन्सिलीनं गिऱ्हाइकाचं नाव. एका कागदावर कुठल्याशा पुढाऱ्याचा हसरा चेहरा होता, पण निम्माच. उरलेला निम्मा गळ्याच्या गोलाईत गेला होता. त्यातलंच एक नाव बघून मी मास्तरांनी कापून ठेवलेलं कापड आणलं आणि कागदावर ठेवून पाहिलं. रेषेला रेष. आणि बाह्या प्रत्येक जोडीत एक डावी, एक उजवी.

म्हणजे मास्तर जे जे कापत होते, ते ते ही घरी जाऊन कागदावर कापत होती. कोण जाणे किती वर्षं.

मी घड्या घातल्या, पिशवी जागेवर ठेवली आणि कुणाला काही बोलले नाही. तेव्हा मनाशी म्हटलं, तिची खासगी गोष्ट आहे, आपण कशाला नाक खुपसा. खरं कारण वेगळं होतं. कात्री धरायला लागली असती तर ती माझ्याकडं राहिली नसती. दुकान चालवणारी बाई असा विचार शब्दांत करत नाही, पण करते.

मग मास्तरांची नजर गेली. मोतीबिंदू काढून झाला तरी खडूची रेघ दिसेना. एक दिवस त्यांनी कात्री फडक्यात गुंडाळून टेबलावर ठेवली, "बास झालं आता," म्हणाले आणि दौंडला लेकीकडं राहायला गेले. मी दुसरा मास्तर शोधला, तो आठ दिवसांत कंटाळून गेला. माझी साठी उलटलेली. रोज सकाळी शटर वर ढकलताना गुडघ्यातून कळ यायची आणि वाटायचं, हे सगळं कशासाठी चाललंय? शेवटी मी तिला सांगितलं, "शिलाई बंद करू आता. अस्तर-फॉल तेवढं मी बघते. तू रांजणगावला एखाद्या कंपनीत पॅकिंगचं काम बघ."

"बरं," ती म्हणाली.

एवढंच. हातातलं काम तिनं पुरं केलं. तुरपाई करताना सुई दोनदा बोटात गेली, तिचं असं कधी होत नसे. मशीन सुटलं तर हे माणूस करणार काय, हा प्रश्न मला पडला होता. पण मी दमले होते, आणि दमलेल्या माणसाला दुसऱ्याचा प्रश्न दिसला तरी उचलवत नाही.

त्याच आठवड्यात ओळखीतली एक बाई लेकीला घेऊन आली. मुलगी नर्स, दौंडला नोकरीला. परवा विहारात लग्न होतं. पांढरी साडी, त्यावरचा पांढरा ब्लाउज, आणि ज्याच्याकडं तो टाकला होता त्यानं आयत्या वेळी कापड तसंच परत केलं होतं.

"आमच्याकडं मास्तर नाहीत आता," मी म्हणाले.

आई गयावया करत होती. मुलगी मात्र मागच्या खोलीच्या दाराकडं बघत होती. दारात ही उभी होती. ओठांत टाचण्या नव्हत्या.

"या आत. माप घेती," ती म्हणाली.

माप देऊन मायलेकी गेल्या. मला वाटलं, समोरच्या टेलरकडून कापून आणेल. तिनं टेबल पुसलं. साबणानं हात धुतले, पांढऱ्यावर डाग नको म्हणून. कापडाची घडी घातली, मोडली, परत घातली. फिकट खडूनं रेघा मारल्या. मग फडक्यातून कात्री काढली आणि तशीच उभी राहिली. कपाळावर घाम.

"काकू, तुम्ही कायतरी बोलत ऱ्हावा. थांबू नका. म्हंजी ती मला ऐकू यायची न्हाई."

दिवसभर गिऱ्हाइकांपुढं तोंडाचा पट्टा चालवणारी मी, मला त्या वेळी एक वाक्य सुचेना. समोर अस्तरांचा रॅक होता. मी वरच्या कप्प्यापासून रंग म्हणायला लागले.

"मोरपंखी. चिंतामणी. आमसुली. डाळिंबी. राणी. अबोली."

मागून कात्रीचा पहिला आवाज आला.

"गुलबाक्षी. केतकी. वांगी. शेवाळी."

रंग संपले तसे मी परत मोरपंखीपासून धरले. मध्येच एक बाई येऊन उभी राहिली, अबोलीचं एक मीटर द्या म्हणाली. मी हातानंच थांब म्हटलं आणि पुढं म्हणत राहिले. म्हातारीचं डोकं फिरलं असं वाटून ती निघून गेली. गेली तर गेली.

तिसऱ्या फेरीला आतून आवाज आला, "बास."

टेबलावर दोन बाह्या शेजारी शेजारी होत्या. एक डावी, एक उजवी. ती त्यांच्याकडं बघत होती. मला रडू आलं, खोटं कशाला सांगू.

दुसऱ्या दिवशी मुलगी घालून बघायला आली. गळा बसला, पाठ बसली. उजवी बाही दंडात घट्ट झाली. हिच्या तोंडचं पाणी पळालं. मग तिनं बाहीच्या आत शिलाईसाठी सोडलेलं जास्तीचं कापड चाचपलं, टीप उसवली आणि थोडी बाहेरून परत मारली. दहा मिनिटं. मुलीनं हात वर-खाली करून पाहिला आणि हसली.

त्या गेल्यावर ही खुर्चीत बसली. "एवढंच व्हतं व्हय," म्हणाली. त्यात आनंद नव्हता. एवढ्याशा गोष्टीपायी गेलेली वर्षं तिला त्या वेळी दिसली असावीत. मी पाणी दिलं, तेही तिनं अर्धंच प्यायलं.

पुढं ती रोज कापायला लागली. मला वाटलं, आतली सासू गेली एकदाची. विचारलं तर म्हणाली, "जातीय कुठली! रोज येती. मी म्हंती, बोल बाई तू, मी कापती तवर." कधी कापता कापता मोठ्यानं म्हणायची, "झालं का तुझं बोलून?" एकदा माप द्यायला आलेल्या शाळेतल्या बाईंना वाटलं आपल्यालाच म्हणतेय, त्या तडक उठून गेल्या. आणि काही दिवस वाईटही असायचे. सकाळपासून कापड नुसतं टेबलावर पडून. मग दुपारी आतून हळूच हाक यायची, "काकू, आज जरा रंग म्हणा." मी म्हणायची.

दीड वर्षानं तिनं सांगितलं, केडगावला, स्टेशनच्या रस्त्याला भावाचा गाळा रिकामा आहे, तिथं स्वतःची शिलाई काढते. आई थकलीय, तिच्याजवळही राहता येईल. लेकीचं कॉलेज तिकडून बरं पडेल.

मी अस्तर फाडत होते. माझ्या तोंडून निघून गेलं, "एकटीला जमेल का गं तुला? नवीन जागा. कोण येणार तिथं?"

तिनं माझ्याकडं बघितलं. रागावली नाही.

"काकू, तुम्ही माझी पिशवी बघितली व्हती. कागदांची. मी घडी आडवी घालती, तुम्ही उभी घातली व्हती."

मी अस्तर खाली ठेवलं. "मग तेव्हाच बोलली का नाहीस?"

"वाट बघत व्हते. म्हणलं, काकूंनी बघितलंय, आता म्हणतील. कर गं, जमतंय तुला, असं."

बाहेर मोटारसायकलवाले हॉर्न वाजवत होते. मी म्हणाले, "चुकलं माझं."

"जाऊ द्या," ती म्हणाली. "रंग म्हणलात की तुम्ही." आणि मशीनवरचा शेवटचा ब्लाउज पुरा करायला आत गेली.

ती गेल्यावर मी काय केलं तेही सांगते. गिऱ्हाइकं विचारायची, "त्या बाई कुठायत?" मी म्हणायची, "गावी गेलीय, येईल. टाकून जा तुम्ही." कापड ठेवून घ्यायची आणि समोरच्या टेलरकडून शिवून आणायची. एकदा न्हावऱ्याच्या एका बाईंचा ब्लाउज पाठीला चुण्या पडून परत आला. तेव्हा मी म्हणाले, "तिलाच घाई झाली असेल." सहज म्हणाले. शटर ओढून घरी गेले, जेवले, झोपले.

त्याच न्हावऱ्याच्या बाई परवा परत आल्या. मुलीचं लग्न ठरलंय, सहा ब्लाउज. "एकदा बिघडला म्हणून काय झालं," त्या म्हणाल्या, "इतकी वर्षं तिनंच शिवलेत. तिच्याच हातचे पायजेत." ऊन उतरत होतं, गुडघे ठणकत होते, आणि नेहमीचं वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं. सहा कापडं काउंटरवर पसरलेली. मी ती एकेक घडी करून त्यांच्या पिशवीत परत भरली.

"ती इथं नाही. केडगावला असते, स्टेशनच्या रस्त्याला तिचं दुकान आहे. चौफुल्याची एसटी धरा, तिथून जवळ. आणि तो चुण्यांचा ब्लाउज तिनं शिवलेला नव्हता. मी दुसरीकडून शिवून आणला होता."

बाईंनी पिशवी जवळ ओढली. मग म्हणाल्या, "कापायचंबी तीच करती? एकटीला जमतं तिला?"

"जमतं," मी म्हणाले. "पहिल्यापासून जमतं. मला ठाऊक होतं."

बाई पिशवी उचलून स्टँडकडं निघाल्या. मागच्या खोलीत हे ऐकायला कुणी नव्हतं.