आधी स्वतःच्या हातावर

बुधवारच्या बाजारात, नदीच्या (आम्ही तिला गंगाच म्हणतो) काठी, पेठ तालुक्यातले एक बाबा औषधी पाला विकायला बसतात. मी वनस्पतिशास्त्र शिकते, म्हणून त्यांच्याजवळ थांबते. ते पाला निवडत, वर न बघता बोलतात आणि आधी "ऐक" म्हणतात.

त्यांच्या वडिलांनी दाखवलेली झाडं ते सरळ देतात. बाहेरून आलेली, वडिलांना ठाऊक नसलेली झाडं मात्र आधी स्वतःच्या डाव्या हातावर बांधून पाहतात. तो हात डागांनी भरला आहे. मला तो बघवत नाही.

एकदा एक बाई मुलीला घेऊन आली. मुलीच्या मानेवर खाजरे चट्टे होते.

"बाबा, गाजरगवताचा लेप द्या. मोबाइलवर दाखवलाय."

"ऐक. बापाच्या वक्ताला हे गवत नव्हतं. पुढल्या बुधवारी ये."

"तोवर पोरगी खाजवत बसंल?"

"दवाखान्यात ने. माझी वाट बघू नको."

"कसले वैदू तुम्ही!" म्हणत ती गेली. बाबांनी गाजरगवत ठेचायला घेतलं.

मी चाचरत म्हणाले, "बाबा, यानं फोड येतात. पुस्तकात आहे."

"ऐक. पुस्तकाला कातडी हाय का?"

पुढच्या बुधवारी त्यांचा हात कोपरापर्यंत सुजून फोडांनी भरला होता. बाई आली, तिनं तो हात बघितला. मग पिशवीतून दवाखान्यातलं मलम काढून त्यांच्यापुढे धरलं.

"पोरीला उतार पडला. तुम्हीपण लावा."

बाबांनी पहिल्यांदाच वर पाहिलं. "ऐक, पोरीपुरतं ठेवलंस ना?"