मेंढरांनी पश्चिमेला तोंड केलं

असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता, आजही नाही. मेंढपाळाच्या पोटी जन्मून बी.एस्सी. झालोय मी. उन्हाळ्यात आई आम्हा भावंडांना हुलग्याचं माडगं पाजून झोपवायची. माझ्या कॉलेजसाठी आबांनी निम्मा कळप विकला. म्हणून डोळ्यांनी पाहिलं तेवढंच लिहितो.

सोलापूरबाहेर होटगीच्या वाटेवर विमानं उतरायचं मैदान होतं. तिथं मी वायरलेसवर लागलो... कच्च्या नोकरीवर. चैत्रातली दुपार. मला कायम करायचं की नाही, ते ठरवायला साहेब येऊन बसलेले. हैदराबादहून एक छोटं विमान येत होतं, आत एकटा वैमानिक. धुळीनं आभाळ भरलेलं. त्याला खालचं काही दिसेना, म्हणून तो वायरलेसवर दिशा विचारत होता.

आमचं काम असं — तारेची चौकट फिरवायची, आवाज बुडेल त्या रेषेवर विमान. पण रेषेच्या कुठल्या टोकाला, ते यंत्र सांगत नाही, आपण ओळखायचं. रेष पूर्व-पश्चिम आली. वारा पश्चिमेचा, म्हणजे विमानाच्या तोंडावर. अजून पोचलं नसणार, पूर्वेलाच असणार. मी कळवलं, "पश्चिमेकडे या."

तेवढ्यात ते ऐकून आबा खिडकीशी आले. कुंपणापलीकडे त्यांची मेंढरं होती.

"आरं, इमान म्होरं गेलंय की! मावळतीला हाय."

"कशावरून?"

"मेंढरं बघ. वाऱ्याला पाठ करत्यात न्हवं? आज समदी त्वांड देऊन हुबी हायती. डोळ्यांत माती चाललीय तरी हलंनात."

खरंच... एकजात सगळी पश्चिमेला बघत होती.

साहेब हसले. "हे काय, तुमचे नवे इन्स्पेक्टर?"

माझे कान तापले. "आबा, मेंढरांत राहून तुमचं मेंढरू झालंय. जावा हितनं!"

"इमानात माणूस हाय रं," म्हणाले, आणि गेले.

मी पुन्हा तेच कळवलं. आवाज मोठा व्हायच्या ऐवजी बारीक होत गेला. मला कळलं — तो लांब चाललाय. पण साहेबांसमोर शब्द कसा फिरवायचा? "त्याची बॅटरी उतरली असेल," मी म्हणालो. शेवटी संदेश आला, पेट्रोल संपलं. मग काहीच नाही. खिडकीतून पाहिलं, तर मेंढरांनी माना खाली घातल्या आणि वाऱ्याला पाठ केली. सगळ्यांनी एकदम.

विमान पंढरपूरच्याही पलीकडे सापडलं. वैमानिक मेलेला. वर वारा उलटा होता, त्यानं त्याला आमच्या डोक्यावरून पुढं ढकललं होतं. रिपोर्टात मी लिहिलं, वैमानिकाने सूचना पाळल्या नाहीत. साहेबांनी सही केली.

आबांनी विचारलं, "घावला का रं त्यो?"

"तुम्हाला काय करायचंय?" मी म्हणालो.

वरच्या वाऱ्याचा खुलासा मी देऊ शकतो. मेंढरांचा नाही. कानाला न येणारं विमान त्यांना कसं कळलं, ते इतक्या वर्षांत मला उमगलेलं नाही.

पुढच्या महिन्यात मी कायम झालो. आमच्या घराण्यात खुर्चीवर बसून काम करणारा पहिला माणूस मीच.