पाठमोऱ्या बाई

मराठीच्या बाई प्रश्न विचारायच्या आणि वर्गाकडे पाठ करून फळा पुसत राहायच्या. पुसलेला फळाही पुन्हा पुसायच्या. पोरं त्यांना ‘पाठमोऱ्या बाई’ म्हणत. त्या हे माझ्यासाठी करत होत्या, हे मला उशिरा कळलं.

मी जांभूळ गावची. घरी माझं तोंड मिटत नसे, पण बदलापूरच्या शाळेत पाऊल ठेवलं की गळा आवळल्यासारखा व्हायचा. साधं ‘हजर’ही निघत नसे. बाकीचे शिक्षक बाकावर उभं करत. आई त्यांना सांगायची, “घरात पोपटावानी बोलते ओ पोर!” कुणाला खरं वाटत नसे.

बाई मला कधीच ‘बोल’ म्हणाल्या नाहीत. हजेरीला मी बाकावर पेन्सिल आपटायची, तेवढं त्यांना पुरे. मधल्या सुट्टीत रिकाम्या वर्गात मी सुमनच्या, माझ्या एकुलत्या मैत्रिणीच्या, कानात धडा वाचायची. बाई दाराशी वह्या तपासत बसायच्या. दर आठवड्याला त्यांची खुर्ची एक बाक पुढे यायची. “घाई कुणाला आहे? मला तर नाही बाई,” त्या वहीकडेच बघत म्हणायच्या.

वार्षिक तोंडी परीक्षेच्या दिवशी सुमन आली नव्हती. एकेकाला आत बोलावत होते; वर्गात बाई आणि मी दोघीच, बाई पाठमोऱ्या. मी अख्खा धडा वाचला. बाई वळल्या, तेव्हा म्हणाल्या, “खडू गेला गं डोळ्यात.”

आठवड्याभरात कुणीतरी तक्रार केली, की बाईंनी मुक्या मुलीला तोंडीचे गुण दिले. मुख्याध्यापकांनी मला बोलावलं. बाई तिथंच उभ्या होत्या.

“यांच्यासमोर वाचलंस का? नुसती मान हलव.”

माझी मानही हलली नाही.

“तिला नका विचारू, सर,” बाई म्हणाल्या. “मला विचारा.”

त्यांना कुणी विचारलं नाही. त्या रजेवर गेलेल्या दुसऱ्या बाईंच्या जागी तात्पुरत्या आलेल्या. जूनमध्ये दिसल्या नाहीत.

माझा गळा हळूहळू सुटला. पुढे मीच शिक्षिका झाले. एकदा उल्हासनगरला कॅम्प तीनच्या बाजारात, कापडाच्या दुकानात बाई भेटल्या. शाळेत पुन्हा नोकरी मिळालीच नव्हती; घरी शिकवण्या घेत होत्या.

“बाई, मी वाचलं होतं. तेव्हा सांगायला हवं होतं.”

“वेडी! मी ऐकलं होतं की,” त्या हसून म्हणाल्या.

मला त्यांनी तिथल्या तिथं मोकळं केलं. पण ‘मी वाचलं होतं’ हे वाक्य मुख्याध्यापकांच्या खोलीत हवं होतं. तिथं ते अजून कुणी बोललेलं नाही.